बिअरची चव आणि भाचीची नोकरी

मागच्या महिन्यात मी बिअरची चव घेतली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यात, भाचीच्या शेजारी बसून, समोर वही उघडून. हे वाचून भोरमधल्या निम्म्या मैत्रिणी हसतील आणि उरलेल्या निम्म्या फोन करतील, म्हणून आधीच सांगून टाकते : घरी सांगून गेले होते आणि दिवेलागणीच्या आत एसटीने परत आले होते.

झालं असं, की माझ्या नणंदेचं गाव वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचं नाव राजगड करायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ठरवलं, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय.) वन्संची धाकटी लेक मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली. दोन वर्षं एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होती. पहाटे टँकर आले की नमुने घ्यायचे, वास बघायचा, जंतू मोजायचे. आता तिला पुण्यात नोकरी चालून आलीय. पगार दीडपट, आणि कायम. फक्त दुधाच्या जागी बिअर आहे.

पुण्यात ब्रूपब नावाची हॉटेलं निघालीत. बिअर तिथेच बनवायची, टाकीतून तिथेच गिऱ्हाइकाला द्यायची. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातच झाली, २००९ मध्ये, ‘डूलाली’पासून. आता अशी बरीच आहेत. मधापासून ‘मीड’ नावाचं पेय बनवणारी ‘मूनशाइन’ कंपनीसुद्धा पुण्याचीच. तर अशाच एका लहानशा ठिकाणी भाचीला बोलावणं आलं. काम काय? यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, टाक्या धुतल्या की त्या खरोखर स्वच्छ झाल्यात का ते तपासायचं, आणि रोज प्रत्येक टाकीतली थोडी बिअर काढून तिचा रंग, वास, चव बघून शेरा लिहायचा.

हे शेवटचं ऐकलं आणि वन्सं आठ दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. मला फोन केला. “पोरीनं सकाळी उठून दारू चाखायची? आन् वर म्हणायचं, काम हाय?”

त्यांचा राग मला परका नाही. वन्संचे यजमान दारूनेच गेले, बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी ओढ्याकाठची दोन भातखाचरं गेली, पाटल्या गेल्या, दुभती म्हैस गेली. वन्सं एकदा बोलून गेल्या होत्या, की कडी वाजायच्या आधी वास यायचा. त्या वासावरून कळायचं, आज किती झालीय, कुठली झालीय, आज ताट भिरकावलं जाणार की माणूस नुसताच आडवा होणार. पोरींना घरात निजवायचं की शेजारी धाडायचं, ते त्यावर ठरायचं. बिअरची परीक्षा करणाऱ्यांचे अभ्यासक्रम असतात, प्रमाणपत्रं असतात. वन्संनी तो अभ्यास सोळा वर्षं केला.

शेवटी असं ठरलं, की मामीने जाऊन बघून यावं. मी शाळेत विज्ञान शिकवलेलं, म्हणून माझ्यावर भरवसा. “तू बघ, आन् मला खरं काय ते सांग,” वन्सं म्हणाल्या.

त्या जागेचं नाव लिहीत नाही. जाहिरात करायची नाही, आणि भाचीचं अजून पक्कं व्हायचंय. सकाळी अकराला पोचलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, गमबूट घातलेली दोन मुलं पाइप धूत होती. दारातच मला वास आला आणि मी थांबले. दारूचा नव्हता तो. बाळाच्या सत्त्वासाठी आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो आणि मंद आचेवर भाजतो, तेव्हा घरभर सुटतो ना, तो वास!

आणि कृतीही तीच निघाली. नाचणीऐवजी जव. ते भिजवून, मोड आणून, वाळवून, कमीजास्त भाजून घेतात, त्याला माल्ट म्हणायचं. मोड येताना दाण्यात असे पाचक रस तयार होतात, की पिठाची साखर होते. मोडाचं सत्त्व बाळाला गोड लागतं आणि पचतं ते यामुळेच. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, की पाणी गोड होतं. ते गाळून घ्यायचं आणि खळखळ उकळायचं. उकळताना त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडू आणि सुवासिक. आपल्या देशात हिमाचलात लाहौलला थोडी पिकतात, बाकी बरीचशी परदेशातून येतात. मग निववून त्यात यीस्ट. पाव फुगवणारं यीस्ट याच कुळातलं. ते साखर खातं आणि त्याचं अल्कोहोल आणि वायू करतं. साध्या बिअरला दोन-तीन आठवडे पुरतात. मध्ये कुठे टाकी नीट धुतली गेली नाही, तर सगळा घाणा आंबतो. “मामी, इथं निम्मं काम भांडी घासायचंच आहे,” भाची कानात कुजबुजली.

चव घ्यायच्या आधी माझ्यापुढे एक कागद आला. सही करा म्हणे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, बिअरला वय किमान २१. हे किती जणींना माहीत आहे? आपल्या घरातल्या पुरुषांपैकी कितींच्या खिशात तो असतो, हाही एक प्रश्नच. माझा एक दिवसाचा परवाना मी वहीत जपून ठेवलाय.

तिथला बिअर बनवणारा मुलगा तिशीचा असेल. त्याने रीत सांगितली. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जायचं, नाहीतर पुढचं काही कळत नाही. आधी नुसतं बघायचं : फेस किती, टिकतो किती, रंग कसा. मग छोटे छोटे श्वास घेऊन वास. मग लहानसा घोट, तोंडात फिरवायचा. वाइनची चव घेणारे थुंकतात, बिअरवाले थोडी गिळतात, कारण गिळल्यावर कडवटपणा किती वेळ राहतो तेही बघायचं असतं. मध्ये पाणी आणि साधा पाव. अत्तर लावून यायचं नाही. स्पर्धांमध्ये ५० गुणांचा एक कागद वापरतात : वासाला १२, चवीला २०, तोंडात कसं वाटतं त्याला ५, एकूण परिणामाला १० आणि रूपाला ३. पन्नासात रूपाला तीन! मुली बघायला येणाऱ्या मंडळींना हा कागद चहाच्या आधी वाचायला द्यायला हवा.

पाच छोटे ग्लास आले, प्रत्येकात साठेक मिली. पहिली गव्हाची. नाकाजवळ नेली आणि मी म्हटलं, यात केळं घातलंय, आणि लवंग. तो हसला. दोन्ही घातलेलं नव्हतं. या बिअरचं यीस्टच असं, की आंबताना केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं. दुसरी कडू, मोसंबीच्या सालीसारखा वास. कारल्याची भाजी आवडणाऱ्या बाईला तिचं काही विशेष वाटत नाही. तिसरी कोकमाची, किंचित मीठ घातलेली. रंग सुंदर होता, पण कोकमाचा तो ओला, फळाचा वासच नव्हता. मी म्हटलं, “कोकम जुनं आहे तुमचं. आमसुलं काळी पडून कडक झाली होती का?” त्याने मागे जाऊन पिशवी बघितली. गेल्या वर्षीची होती. चौथी काळीभोर, कॉफीसारखी, आणि मागे भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव. तीच मला त्यातल्या त्यात बरी वाटली.

पाचव्या ग्लासाबद्दल त्याने काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, बघा. वास घेतला आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. लोणी कढवून तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी राहते ती बेरी! भाचीने माझ्याकडे बघितलं, तिच्याही वहीत तेच लिहिलेलं होतं. त्या मुलाने सांगितलं, की याला डायअसेटिल म्हणतात. टाकी घाईने थंड केली, की बिअरला लोण्याचा वास राहून जातो. यीस्टला जरा उबेत आणखी थोडे दिवस दिले, तर ते स्वतःच हा वास खाऊन टाकतं. ती टाकी त्या आठवड्यात गिऱ्हाइकाला जाणार नव्हती.

भिंतीवर त्यांचा एक तक्ता होता, इंग्रजीत, बिअरमधल्या दोषांचा. ओला पुठ्ठा, उकडलेला मका, हिरवं सफरचंद, लोणी. एकेका दोषाला एकेका वस्तूचं नाव. मी वाचत होते आणि मनात आपले शब्द येत होते. खवट. कुबट. करपट. धुरकट. आंबूस. कच्चट. तुरट. कळकलेलं, म्हणजे कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यातल्या ताकाचं होतं ते. विटलेलं. विटलेलं आणि नासलेलं यात फरक असतो, आणि तो आपल्याकडे नव्या सुनेलाही पहिल्या उन्हाळ्यात कळतो. भोरच्या बाजारात तांदूळ घेताना बाई चार दाणे तळहातावर घेऊन चोळते, त्यावर हाळी घालते आणि वास घेऊन सांगते, की हा आंबेमोहर आहे की आंबेमोहर म्हणून दिलेला दुसराच काही. नवा आहे की जुना, तेही सांगते. त्या बाईला कुणी कधी ‘गुणवत्ता तपासनीस’ म्हटलं नाही. मसाल्याचं, लोणच्याचं, तुपाचं तेच. घरात जीभ आपली आणि पगाराचं काम निघालं की जीभ दुसऱ्याची.

बिअरचंसुद्धा असंच झालं. सुमेरमध्ये बिअरची देवी होती, निंकासी नावाची. तिच्या इ. स. पूर्व १८०० च्या सुमाराच्या स्तोत्रात बिअर करायची रीत आहे. युरोपात कित्येक शतकं घरची बिअर बायकाच करायच्या. बाराव्या शतकात हॉप्सने पेय टिकतं, हे लिहून ठेवणारी हिल्डेगार्ड ही जर्मनीतली जोगीण होती. आपल्याकडे झारखंडची हंडिया, अरुणाचलची अपोंग आजही बायकांच्याच हातची. त्यात मोठा पैसा आला, कारखाने आले आणि बायका बाजूला झाल्या. पुरणपोळी घरात बाईची, लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याची, तशातलीच गत.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की बाई गेली तिथे आणि भुलली. तर आता हिशेब सांगते, जो मी तिथेच वहीत मांडला. साठ मिलीचे पाच ग्लास म्हणजे ३०० मिली. पाच टक्के धरले तर त्यात १५ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीत ४२.८ टक्के असतं, म्हणजे तीस मिलीच्या लहान पेगात साधारण १३. मी ‘नुसती चव’ घेतली असं म्हणत होते आणि एका पेगाहून जास्त घेतली होती! माझे कान गरम झाले होते ते काही लाजेने नाही. ही ताजी असते, यात रसायनं नसतात, म्हणून चांगली, असं तिथला मुलगा म्हणाला. ताजी असेल. पण अल्कोहोल तेच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की इतकी घेतली तर अपाय नाहीच, अशी कुठलीही पातळी नाही. स्तनाच्या कर्करोगाशीही दारूचा संबंध आहे, आणि ही गोष्ट बायकांना क्वचितच कुणी सांगतं.

म्हणून मी त्या मुलाला विचारलं, भाचीने दिवसाला किती टाक्या चाखायच्या? तो म्हणाला, जास्तीत जास्त आठ. प्रत्येकीचा पंचवीस मिलीचा घोट धरला तर २०० मिली, रोज. मी म्हटलं, हे चालणार नाही. रोजच्या तपासणीला वास आणि जिभेवर फिरवून थुंकणं पुरायला हवं, गिळायची ती फक्त गिऱ्हाइकाला जायच्या आधी शेवटची. आजारपणात, औषधं चालू असताना, पुढे दिवस राहिले तर अजिबात नाही, आणि नाही म्हटल्यावर पगार कापायचा नाही. हे कागदावर लिहून द्या. तो जरा चमकला. भाचीही चमकली, तिला वाटलं मामीने नोकरी घालवली. पण त्याने लिहून घेतलं.

नोकरी म्हणून काही कायद्याच्या गोष्टीही भाचीसाठी शोधल्या. जिथे लोक दारू पितात तिथे बाईला कामावर ठेवू नये, असं एक कलम १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात होतं आणि ते दिल्लीत लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते रद्द ठरवलं. बाईला धोका आहे म्हणून तिचं काम काढून घेण्यापेक्षा तिला सुरक्षित काम करता येईल असं बघा, असा त्या निकालाचा रोख. दहा माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती आहे का, कोण कोण आहे, हेही विचारून घेतलं.

रविवारी वन्संकडे गेले. भोरहून कापूरहोळ, तिथून चेलाडी फाटा आणि पुढे वेल्ह्याची गाडी. भाची सोबत होती, सगळ्या वाटभर गप्प.

ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं, पाच ग्लासांचा हिशेबही लपवला नाही. वन्सं म्हणाल्या, “म्हंजे दारू ती दारूच.” मी म्हटलं, होय. तिथे साडेतीनशे रुपयांना एक ग्लास मिळतो, चार किलो आंबेमोहराचे पैसे. तो पिऊन स्वतः गाडी चालवत घरी जाणाऱ्याच्या बायकोलाही कडी वाजायच्या आधी वास येतच असेल, फक्त तिची कडी भारीची. गावात उद्या दुकान निघालं, तर माझं मत आडव्या बाटलीलाच. २००८ च्या आदेशाने बायकांना तो हक्क दिलाय आणि निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. मी काही बिअरची वकिली करायला आले नव्हते.

“मग पोरीला का धाडायची?”

तेव्हा मी त्यांना त्यांच्याच घरातली गोष्ट काढून दाखवली, आणि ती काढताना मला बरं वाटलं नाही. थोरल्या दिरांचा मुलगा तीन वर्षांमागे हायवेवरच्या वाइन शॉपमध्ये नोकरीला लागला. खोकीच्या खोकी विकतो. त्याच्या पहिल्या पगाराचे पेढे याच ओसरीवर वाटले गेले, मीही खाल्ले. त्याच्याशी कुणी आठ दिवस अबोला धरला नाही. त्याला स्थळं येणं थांबलं नाही. मुलगा दारू विकतो ती नोकरी. मुलगी दारू तपासते, खराब असली तर अडवते, ती मात्र घराण्याची बदनामी. पोरीने दोन वर्षं दूध तपासलं, तेच डोळे, तेच नाक, तेच शिक्षण. तिने पहिल्या पगारातून काय केलं? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. दारूत घालवलेली भातखाचरं परत घ्यायची ऐपत या घरात कुणाची असेल तर ती या पोरीची आहे.

वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लग्नाचं काय? लोक इचारतील.” ते मला नाकारता येईना. विचारतील. काही स्थळं परत जातील. कुठली जातील तेवढं कळेल, असं मी म्हटलं, पण ते बोलायला सोपं आहे, माझ्या पोटी मुलगी नाही.

भाचीने पिशवीतून एक पुडी काढली. त्या मुलाकडून मूठभर माल्ट मागून आणलं होतं, न दळलेलं. तिने पुडी आईपुढे ठेवली, बोलली काहीच नाही. वन्संनी आधी नाकाला लावली. मला वाटलं, आता भिरकावतात. पण त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, दाढेखाली धरले, चावले, आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, “नाचणीगत लागतंय. पर जरा जास्त भाजलंय.”

ते गडद माल्ट होतं, मुद्दाम जास्त भाजलेलं. भाचीने ते सांगितलं नाही, मीही नाही.

वन्संनी अजून हो म्हटलेलं नाही. रात्रपाळी असली तर पोरीला खोलीपर्यंत कोण सोडणार, खोलीत बरोबर कोण राहणार, आणि चूळ भरून टाकायची हे मालक खरंच लिहून देणार का, एवढं त्यांनी विचारायला सांगितलंय. भाची सोमवारच्या पहिल्या एसटीने गेली.